मशेरी आणि घाटापलीकडचा पाळणा

घाटाच्या अगदी पायथ्याशी एक गाव होतं, आणि त्या गावात एक दातांचा वैद्य राहायला आला. माणूस हुशार. हात इतका हलका की दात निघाला हे ज्याचा निघाला त्याला मागाहून कळायचं. पण जीभ मात्र भारी फटकळ. कुणाच्या दाढेत कीड दिसली की असा खेकसायचा, जणू ती कीड ह्याच्याच दाढेत शिरली आहे.

आल्या आल्या त्याने घरोघर फिरून एकच प्रश्न विचारला. दिवसातून किती वेळा दात घासता? पुरुषांनी नुसतं डोकं खाजवलं. बायकांनी मात्र न अडखळता सांगितलं, चार वेळा. उठल्यावर, जेवण झाल्यावर, दुपारी आणि निजायच्या आधी. वैद्यबुवा थक्क. दिवसातून चार वेळा दात घासणारं गाव त्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं. आणि इथल्या बायकांसारखे काळे दात नि सुजलेल्या हिरड्याही जन्मात पाहिल्या नव्हत्या. आठ दिवस बिचारे पोथ्या उलटत बसले, की हा नवीन रोग आहे तरी कोणता.

नवव्या दिवशी दुपारी ते सुताराच्या ओट्यासमोरून चालले होते. ओट्यावर सात-आठ बायका बसलेल्या. मधे एक डबी फिरत होती, आणि जी ती त्यातली काळी पूड बोटावर घेऊन दातांवर घासत होती. ती मशेरी. म्हणजे तंबाखूच, तव्यावर काळाकुट्ट होईस्तोवर भाजायचा आणि कुटून बारीक करायचा. बायकांच्या लेखी हेच दात घासणं. आईने शिकवलं, आईला तिच्या आईने शिकवलं. आता सांगा, त्या खोटं कुठे बोलल्या होत्या?

वैद्यबुवांचं डोकं फिरलं. दुसऱ्या दिवशी चावडीसमोर उभं राहून त्यांनी गावाला चांगलं फैलावर घेतलं. मशेरीने हिरड्या सडतात, दात हलतात, तोंडाला नको नको ते रोग होतात. सगळं खरं होतं हो, अक्षर न् अक्षर खरं. बायकांनी पदर तोंडाला लावून ऐकलं, हो हो म्हणाल्या, आणि तिथून निघाल्या त्या सरळ सुताराच्या ओट्यावर जाऊन बसल्या. डबी निघाली. एवढी बोलणी खाऊन डोकं दुखायला लागलं होतं ना.

मग वैद्यबुवांनी आणखी एक शहाणपणा केला. काढलेले किडके दात एका दोऱ्यात ओवले आणि ती माळ दारावर टांगली. म्हणजे येणारा-जाणारा घाबरेल आणि सुधारेल. लोक घाबरले, खरंच घाबरले. त्यांनी ती गल्लीच सोडली. बायका विहिरीवर लांबच्या वाटेने जायला लागल्या. एक तेली हलणारा दात दाखवायला आला होता, त्याला बुवांनी चार लोकांदेखत असं झाडलं की तो पुन्हा फिरकला नाही. दुखणं अंगावर काढलं त्याने. वर्षभराने अर्धा जबडा गेला, आणि आता बुवा समोरून आले की तो तोंडावर उपरणं ओढून वाट बदलायचा. बुवा म्हणायचे, ऐकलं नाही त्याने. आपलं काही चुकलं असेल, हे त्यांच्या डोक्यातही यायचं नाही.

त्याच गावात गजराबाई नावाची एक कासारीण होती. डोक्यावर बांगड्यांची पाटी घेऊन दारोदार हिंडायची. बाईचा हात हातात घेतला की बोलता बोलता बांगडी कधी चढली ते त्या बाईलाही कळायचं नाही. आणि आवाज काय गोड. गावात कुठेही बारसं असलं की पाळणा म्हणायला गजराबाईच हवी. तिला एकुलती एक लेक, मैना. तीन वर्षांपूर्वी तिला घाटापलीकडे दिली होती.

तो घाट म्हणजे दोन दिवसांची पायपीट. पावसाचे चार महिने तर वाटच बंद. आणि नागपंचमी नेमकी त्याच दिवसांत यायची. पंचमीला गावात घराघरांत लेकी माहेरी यायच्या, झोपाळे बांधले जायचे, आणि प्रत्येक घरून गजराबाईला बोलावणं यायचं, की आमच्या पोरीला हिरव्या बांगड्या भरा. ती जायची. दुसऱ्यांच्या लेकींचे हात हातात घेऊन दाबायची, चोळायची, हसून बोलायची. घरी आल्यावर मात्र भाकरी तशीच झाकून ठेवायची. ज्या हातात बांगडी भरायची तो हात पंचमीला कधीच येणार नव्हता.

पूर्वी ती दोन वेळा मशेरी लावायची. मैना गेल्यावर चारदा झाली, कधी पाचदा. दुपारची वेळ सगळ्यात वाईट. सुताराच्या ओट्यावरून घाटाची वाट दिसायची, आणि पलीकडचा मीठवाला आपले बैल घेऊन त्याच वाटेने उतरायचा. पलीकडच्या बातम्या तोच आणायचा. गजराबाई तिथे बसायची, बोट दातांवर आणि डोळे घाटावर. आतल्या आत हिरड्या सडत गेल्या. पुढचे तीन दात गेले, बाकीचे हलायला लागले. तोंड उघडलं की ठणका लागायचा. वर्षभरात तिने एकही पाळणा म्हटला नव्हता. घसा धरलाय म्हणायची, आणि पदराआडून बोलायची.

त्या साली ज्येष्ठ सरता सरता मीठवाल्याने मैनाचा निरोप आणला. तिला दिवस गेले होते, दिवाळीच्या सुमाराला बाळंत होणार होती. पहिलं बाळंतपण खरं तर माहेरी व्हायचं, पण घाट आता पावसाने बंद होणार होता, आणि तो उघडेपर्यंत नववा महिना लागला असता, आणि तशा अवघडलेल्या बाईला तो घाट कुणी उतरवत नाही. म्हणून मैनाने सांगून पाठवलं होतं, की बारशाला तू ये, पाळणा तूच म्हण. इथे गाणाऱ्या बायका पुष्कळ आहेत, पण तुझ्या आवाजावाचून मी बाळाला पाळण्यात घालायची नाही.

गजराबाईला आधी इतका आनंद झाला की तिने मीठवाल्याला गूळपाणी दिलं, बैलांनाही गूळ दिला. मग तिने घरात जाऊन एकटीने पाळण्याची पहिली ओळ म्हणून पाहिली. अर्धे शब्द वाऱ्यावर गेले, अर्धे ठणक्याने तोंडातच राहिले.

दुसऱ्या दिवशी ऐन उन्हाच्या वेळी, गल्लीत चिटपाखरू नसताना, ती वैद्यबुवांच्या मागच्या दाराने आत गेली. दिवाळीपर्यंत गाता येईल असं काहीतरी करा, म्हणाली. बुवांनी तोंड पाहिलं आणि त्यांची नेहमीची गाडी सुरू झाली. मशेरी, तंबाखू, सडलेल्या हिरड्या, किती वेळा सांगितलं होतं, वगैरे वगैरे. गजराबाईने थोडा वेळ ऐकून घेतलं आणि आपली पाटी उचलली.

"हे मला सगळं ठाऊक आहे, बुवा," ती म्हणाली. "दारातल्या त्या माळेत माझाही एक दात आहे. पण ठाऊक असूनही हात डबीकडे जातो. त्याचं काही औषध आहे का तुमच्याजवळ? नसेल तर येते मी."

वैद्यबुवांनी हातातला चिमटा खाली ठेवला. एवढी वर्षं दात काढले, पण असं कुणी विचारलं नव्हतं. त्यांनाही कधी सुचलं नव्हतं. माणूस फटकळ असला तरी खोटा नव्हता.

"नाही," ते म्हणाले. "त्याचं औषध मला कुणी शिकवलंच नाही. पण बसा. हात कधी जातो ते तरी सांगा."

ती बसली. आधी चाचरत, मग भडाभडा बोलली. पंचमीच्या बांगड्या, मीठवाल्याचे बैल, ओट्यावरची दुपार, मैनाचा निरोप. बुवा मधे एक अक्षर बोलले नाहीत, आणि त्यांना ते फार जड गेलं. पण ऐकता ऐकता त्यांना एवढं समजलं, की दुखणं तोंडात असलं तरी त्याचं मूळ घाटाच्या वाटेवर आहे, आणि तिथवर काही त्यांचा चिमटा पोहोचणार नाही.

गजराबाईला वाटलं, आता हे देवासमोर शपथ घ्यायला लावतील. बुवांनी विचारलं, चारांपैकी सोडायला सगळ्यात सोपी वेळ कोणती? ती म्हणाली, निजायच्या आधीची. मग बुवा म्हणाले, तेवढीच सोडा, बाकीचं पुढे बघू. आणि सकाळी तुम्ही काही झालं तरी चूल पेटवताच, तर बाभळीची काडी चुलीपाशीच ठेवा. आधी काडीने दात घासायचे, मिठाच्या पाण्याने चुळा भरायच्या, मग चूल. सुरुवातीला रक्त येईल, घाबरायचं नाही, दहा-बारा दिवसांनी कमी होतं. ते खरंच आलं आणि खरंच कमी झालं. आधी सांगितलं नसतं तर तिने काडी पहिल्याच दिवशी चुलीत घातली असती.

मशेरीवाचून पोट साफ होत नाही, अशी तिची तक्रार होती. पूर्वीचे बुवा यावर खेकसले असते. आता त्यांनी सकाळी उठून तांब्याभर कोमट पाणी प्यायला सांगितलं. दर बाजाराच्या दिवशी ती दाखवायला यायची. बुवा तोंड तपासायचे आणि पाळण्याची एक ओळ म्हणायला लावायचे. दर आठवड्याला एखादा शब्द जरा मोकळा यायचा. तो तिला स्वतःलाच ऐकू यायचा, आणि परतताना तिची चाल बदललेली असायची. दारावरची माळ बुवांनी कधी काढून टाकली, कुणाला कळलंही नाही.

श्रावणात दुसरी वेळ सुटली, भाद्रपदात तिसरी. राहिली दुपारची. ती सुटावी म्हणून गजराबाईने ओट्यावर जाणंच बंद केलं, पण घरात एकटीला मैनाची आठवण जास्तच यायला लागली. वर सुतारीण रुसली. ओट्यावरच्या गोतावळ्याची तीच म्होरकी, आणि डबीही तिचीच. तिने भर विहिरीवर विचारलं, की आता आमच्यात बसायची लाज वाटते का तुला? खरंच आहे, डबी नुसती तंबाखूची थोडीच होती. ज्या बायकांशी सुखदुःख बोलायचं त्या बायकाही त्या डबीभोवतीच बसलेल्या होत्या.

बुवा म्हणाले, मग ओट्यावर जाच. पण काडी घेऊन जा, आणि तिथे पाळणा म्हणा. गजराबाई गेली. पहिल्या दिवशी सगळ्या फिदीफिदी हसल्या. दुसऱ्या दिवशी सुतारणीने एक शब्द चुकला म्हणून तिला टोकलं. आठवडाभरात ओट्यावर दुपारी पाळण्याची तालीम व्हायला लागली, आणि आपापली परगावची लेक आठवून प्रत्येकीचे डोळे भरून यायला लागले. डबी फिरायचीच. पण गजराबाईला वगळून फिरायची.

दसरा झाला, घाट उघडला. मीठवाल्याचे पहिले बैल उतरताना दिसले आणि गजराबाई ओट्यावरून उठून वेशीपर्यंत पळत गेली. काहीच निरोप नव्हता. तिने दोनदा विचारलं. तो म्हणाला, मैनाच्या गावाच्या ओढ्याला पाणी आहे, तिकडे जाताच आलं नाही. ती परत आली, सुतारणीच्या हातातली डबी ओढून घेतली आणि एक चिमूट लावली. मग दुसरी. तीन दिवस तिने दुसरं काही केलं नाही.

बाजाराच्या दिवशी ती बुवांकडे आली नाही. दुपार उलटल्यावर बुवाच तिच्या दारात जाऊन उभे राहिले. आतून ती पदराआडून म्हणाली, की चुळा भरल्या, काडी केली, सगळं ठीक आहे. मशेरीचा वास दारापर्यंत येत होता.

बुवांच्या मस्तकात सणक गेली. चार महिन्यांची मेहनत पाण्यात गेली होती, आणि वर ही बाई तोंडावर खोटं बोलत होती. चावडीवरचं अख्खं भाषण त्यांच्या जिभेवर आलं. ते बोलले असते तरी बरोबरच बोलले असते. पण तिने पदर ज्या तऱ्हेने तोंडावर गच्च धरला होता, ते पाहून त्यांना तेल्याचं उपरणं आठवलं. तोही असाच तोंड झाकून गेला होता, आणि त्याला झाकायला आपणच लावलं होतं, हे त्यांना त्या दारात उभं राहून पहिल्यांदा कळलं. फार लागलं त्यांच्या मनाला. ते उंबऱ्याबाहेर खालीच बसले.

"मीठवाला काय म्हणाला?" त्यांनी विचारलं.

गजराबाईचा पदर सुटला आणि ती हमसून हमसून रडली. "चार महिने झाले, बुवा. माझी पोर कशी आहे तेही मला ठाऊक नाही. मी इथे कुणासाठी दात घासू?"

बुवांनी तिला रडू दिलं. तिचं रडून होईपर्यंत बसून राहिले. मग म्हणाले, "तीन दिवस मशेरी लावलीत. त्याआधी चार महिने एकेक वेळ सोडत आलात, ते काही पुसले जात नाहीत. उद्या चुलीआधी काडी, एवढंच बघा. पण बैल पुन्हा रिकामे आले तर हात कुठे ठेवायचा, ते मात्र आजच ठरवा. मी नाही सांगणार, तुम्हीच सांगा."

तिने पदराने डोळे पुसले. "सुतारणीचा हात धरीन," ती म्हणाली.

आणि तसं तिने सुतारणीला जाऊन सांगितलं, लाज न बाळगता, अगदी रडून सांगितलं. सुतारीण रागीट असली तरी बाई मायेची. तिचीही एक लेक परगावीच होती.

आठ दिवसांनी बैल पुन्हा आले आणि पुन्हा निरोप नाही. गजराबाईने सुतारणीचं मनगट असं आवळलं की तिच्या दोन बांगड्या वाढल्या. सुतारणीने हात सोडवून घेतला नाही. सबंध दुपार हात गजराबाईच्या हातात, त्यामुळे त्या दुपारी तिलाही मशेरी लावता आली नाही. संध्याकाळी गजराबाईने पाटी उघडली आणि तिला नव्या बांगड्या भरल्या.

दिवाळी झाली आणि मीठवाला घाटावरूनच हात उंचावून हाका मारत उतरला. मैनाला मुलगी झाली होती, दोघी सुखरूप होत्या, बाराव्या दिवशी बारसं होतं. गजराबाईने गाठोडं बांधलं, त्यात बाभळीच्या चार काड्या घातल्या, आणि वैद्यबुवांच्या घरी गेली. या वेळी पुढच्या दाराने. त्यांना वाकून नमस्कार केला. बुवांनी काही उपदेश केला नाही. लेकीला माझा आशीर्वाद सांगा म्हणाले, आणि ती दिसेनाशी होईपर्यंत दारात उभे राहिले.

दोन दिवस चालून ती पोहोचली. मैना उंबऱ्यापर्यंत आली, आईच्या गळ्यात पडली, आणि एकदम थबकली.

"आई, तुझा वास निराळा येतोय," ती म्हणाली. तीन वर्षं तिने जी आई आठवली होती तिला मशेरीचा वास होता. त्या वासासाठीसुद्धा ती पोर झुरली होती. क्षणभर तिला आई सापडेचना.

बारशाला बायका जमल्या, पाळणा सजला, आणि मैनाने बाळाला हातात घेतलं ते तसंच धरून ठेवलं. गजराबाईने पदर तोंडावरून बाजूला केला. सगळ्यांना तिचं तोंड दिसलं, तीन दातांची खिंड दिसली. दोघी-चौघींनी एकमेकींकडे पाहिलंही. गेलेले दात काही परत आले नव्हते. तिने पहिली ओळ उचलली. एखाद-दुसरा शब्द त्या खिंडीतून निसटला, पण आवाज मोकळा लागला, अगदी पूर्वीसारखा. मैनाने डोळे मिटले. त्या आवाजात तिला तिची आई सापडली, आणि मग तिने बाळाला पाळण्यात ठेवलं.

पाच दिवस राहून गजराबाई निघाली. गावाकडे घर होतं, धंदा होता, लेकीच्या सासरी किती दिवस राहणार? मैना बाळाला घेऊन वेशीपर्यंत आली. पुन्हा कधी येशील, असं विचारायचं तिने दोनदा टाळलं, आणि तिसऱ्यांदा विचारलं.

"फाल्गुनात," गजराबाई म्हणाली. "नातीला पहिल्या बांगड्या मीच भरणार."

"आणि पाळणा?"

"तोही म्हणेन. उरलेले दात जपून ठेवते ना आता."

ती घाटाला लागली. वळणावळणावर मागे वळून पाहत होती. मैना दिसायची, मग ठिपक्याएवढी दिसायची, मग दिसेनाशी झाली. आठवण तेवढीच येत होती, उलट आता दोघींची येत होती. बोट एकदा आपसूक दातांकडे गेलं. तिने ते खाली घेतलं, आणि रडत रडत पाळणा म्हणत घाट उतरली.

तात्पर्य विचाराल तर एवढंच: कुणाची वाईट सवय सोडवायची असेल, तर त्याला भीती घालण्याआधी त्याच्या मनाला कसली ओढ लागली आहे ते विचारा. भीतीने माणूस तोंड झाकतो, आणि ओढीने उघडतो.